रुपराव आणि बंडीतली बोटुकली

रुपराव लांजेवारांना आपण ओळखत होतो, असं गिरिधर कधी छातीठोकपणे सांगू शकला नाही. सात-आठ पावसाळे तो त्यांच्या शेजारी ट्रकच्या एकाच बाकावर बसून हिंडला होता. पण त्यांच्या घरी माणसं किती, हे त्याला ठाऊक नव्हतं. गाव कोणतं, हेही कधी विचारलं नव्हतं. बायकोचं नाव भागीरथा असावं, कारण भाकरीचं फडकं सोडताना ते एकदा म्हणाले होते, "भागीरथेनं आज मीठच नाही घातलं." एवढंच. बाकी जे होतं ते रस्त्यावरचं, आणि रस्त्यावरची ओळख ही काही खरी ओळख नव्हे, असं गिरिधरला वाटे.

साल चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरचं असेल. दोघंही मासळीच्या सरकारी खात्यात होते. रुपराव ड्रायव्हर, गिरिधर खालच्या हुद्द्यावरचा पर्यवेक्षक. पावसाळ्यात नागपूरजवळच्या केंद्रातून माशांची पिल्लं डब्यांत भरायची आणि पूर्वेकडच्या तलावांत नेऊन सोडायची, हे त्यांचं काम. बोटाच्या पेराएवढी पिल्लं, म्हणून त्यांना बोटुकली म्हणत. पत्र्याचे मोठे गोल डबे, वर ओलं पोतं. ट्रक चालत असला की धक्क्यांनी डब्यांतलं पाणी हिंदकळतं, हिंदकळलं की त्यात हवा मिसळते आणि पिल्लं जगतात. ट्रक थांबला की पाणी स्थिरावतं. मग पिल्लं वर येऊन आ करू लागतात, आणि तशीच ठेवली तर उलटी होतात. म्हणून ट्रक बंद पडला की कोणीतरी डब्यात हात घालून पाणी ढवळत राहायचं.

तो कोणीतरी म्हणजे गिरिधर. रुपराव माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, आणि मासळीच्या पाण्यात बोट बुडवायचे नाहीत. तलावाच्या पाळीवरही कधी उतरले नाहीत. गिरिधर पिल्लं सोडून येईपर्यंत ते ट्रकमध्ये बसून असत.

आणि ट्रक तर बंद पडायचाच. जुनाट गाडी, खात्यानं कुठून तरी उचललेली. पण रुपराव चिडले आहेत असं गिरिधरनं पाहिलं नाही. गाडी थांबली की आधी चाकाला दगड लावायचा. मग पळसाची फांदी तोडून मागं रस्त्यावर टाकायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावं. मग गाडीभोवती एक सावकाश फेरी. आणि मग बॉनेटवर हात ठेवून, रुसलेल्या बाईला विचारावं तसं, "काहून वं? आता काय झालं तुले?"

"ते काय उत्तर देणार हाय का?" गिरिधर वैतागून म्हणे.

"देते ना गिरिधरभाऊ. पन आपन बोंबलत असलो तर आयकू येत नाही."

ते फार मोठे मेकॅनिक नव्हते, हेही सांगायला हवं. निम्म्या वेळा त्यांनी खोललेलं त्यांनाच पुन्हा जुळत नसे आणि एखादा नट हातात उरायचा. तो ते शांतपणे खिशात टाकत.

त्या वर्षी मात्र गिरिधर निघाल्यापासूनच मागच्या डब्यांकडे वळून वळून पाहत होता. ब्रह्मपुरीच्या पलीकडच्या पळसमेंढा गावच्या तलावासाठी माल होता. आदल्या वर्षी त्याच गावी जाताना ट्रक अडकला होता आणि गिरिधर एकटा ढवळून ढवळून थकला होता. निम्म्याहून जास्त डब्यांतली पिल्लं मेलेलीच पोचली. तिथल्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष देवराव एक शब्द रागाचा बोलले नव्हते. त्यांनी ती पिल्लं पाटीत भरून पाळीखाली पुरली होती. यंदा ते स्वतः नागपूरला येऊन गिरिधरसमोर उभे राहिले. "यंदा तलाव रिकामा राह्यला, तर सोसायटीचे पोट्टे गाव सोडून जातीन साहेब. मंग मासोळी आली तरी धराले कोन राह्यते?"

सकाळी निघाले तेव्हा आभाळ उघडलं होतं, ऊन चटके देत होतं. उमरेडच्या अलीकडे चाक बसलं. भिवापूरच्या पुढे पंख्याचा पट्टा तुटला. रुपरावांनी त्याजागी दोरखंड पिळून बांधला, तो सुटला, पुन्हा बांधला. दोन्ही वेळा गिरिधर मागं चढून एका डब्यातून दुसऱ्या डब्याकडे कोपरापर्यंत हात बुडवत फिरला. पिल्लं टिकली. नागभीड मागं टाकलं तेव्हा त्याला वाटलं, निभावलं.

आणि मग मागून मोठा कडाका झाला. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण गाडी जागची हलेना.

रुपरावांनी दगड लावला, फांदी टाकली, फेरी मारली, खाली वाकून पाहिलं. या वेळी त्यांनी गाडीला काही विचारलं नाही.

"एक्सल गेला," ते म्हणाले. "हा इथं नाही होत."

"मंग?"

"नागभीडवरून आनावा लागते. भेटला तर. उद्यावर गेलं."

गिरिधर मटकन फाळक्यावर बसला. त्याच्या डोळ्यांपुढे देवरावांची पाटी आली. "उद्यापर्यंत एक पिल्लू नाही राहत रुपरावजी. एक नाही. मी एकटा किती ढवळू?"

रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, होती. एका बांधीत बायका कंबरेत वाकून धानाची रोपं लावत होत्या, रोवणी चालली होती. पलीकडे एक म्हातारा आणि त्याचे तीन गडी बैलजोड्यांनी चिखलणी करत होते. शेताच्या कडेला धुऱ्यावर तीन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, सोडून ठेवल्या होत्या. रुपराव त्या बंड्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, चपला ट्रकच्या पायरीवर ठेवल्या आणि बांधीत उतरले.

गिरिधर डबे ढवळता ढवळता वरून पाहत होता. बोलणंही कानावर येत होतं.

"बैल तरणे दिसते," रुपराव म्हाताऱ्याला म्हणाले. "कोनत्या बाजारचे?"

"घरचेच व्हय." म्हाताऱ्याचं नाव महादेवराव. शेत त्यांचंच होतं. "तुमची मोटार मेली वाटते?"

"मेली नाही. बसली."

मग दोघांत बैलांच्या शिंगांवरून, पावसावरून, परह्यांवरून, म्हणजे धानाच्या रोपांवरून, बोलणं सुरू झालं. गिरिधरला ओरडावंसं वाटत होतं. इकडे कडेच्या डब्यात पिल्लं वर यायला लागली होती.

शेवटी रुपराव म्हणाले, "तुमच्या बंड्या पाह्यजे होत्या. पळसमेंढ्यापर्यंत."

"पागल झाले का तुमी? रोवणीच्या दिवसात कोनी बंडी देते?"

"बंडी कोन मांगते तुमाले? बंडीचे धक्के मांगून राहिलो." आणि त्यांनी सांगितलं की डब्यातलं पाणी हललं पाहिजे, नाहीतर जीव जाते. ट्रकपेक्षा बंडी जास्त हालते, आणि हा रस्ता तर देवानं त्यासाठीच खराब ठेवला हाय.

बायका हसायला लागल्या. त्यांतली पुढची, जिजाबाई, कंबर सरळ करून म्हणाली, "अन् गळ्यात माळ दिसते बुवा! माळकरी मानूस मासोळी वाहते?"

"वाहतो वं बाई, खात नाही. पोस्टमन काय लोकायच्या चिठ्ठ्या वाचते का?"

"आमच्या गावचा वाचते!" दुसरी कोणी म्हणाली आणि पुन्हा हशा झाला.

महादेवराव हसले नाहीत. "बैल गेले, गडी गेले, तर माही चिखलणी राह्यली. परहे उपटून ठेवले, ते उन्हात सुकतीन. त्याचं काय?"

"चिखलणी झालेल्या बांधीत तर लावता येते ना? तीन गडी नेतो, त्यायच्या जागी मी लावतो. दिवस मावळेपर्यंत. उद्या पन लावतो."

"रोवणी येते तुमाले?"

"येते ना," रुपराव म्हणाले.

महादेवरावांनी त्यांच्या दुमडलेल्या पँटकडे पाहिलं, मग ट्रककडे, मग डब्यात हात घालून उभ्या असलेल्या गिरिधरकडे. काय पटलं कोण जाणे. गड्यांना हाक मारून त्यांनी औतांचे बैल सोडले.

डबे उतरवून बंड्यांत चढवायला सगळेच लागले. रुपरावांनीही एका बाजूनं धरून डबे उचलले. एका डब्यातलं पाणी त्यांच्या सदऱ्यावर, माळेवर सांडलं. त्यांनी नुसतं खाली पाहिलं आणि म्हणाले, "दुसरा डबा आना."

"तुमी नाही येत?" गिरिधरनं विचारलं.

"गाडी सोडून कसा येऊ? सकाळी चारी चाकं दिसनार नाहीत. अन् इकडं शब्द देऊन बसलो ना." मग गाडीवानाला म्हणाले, "ए भाऊ, खड्डा चुकवू नको गा. दिसला की त्यातच घाल."

बंड्या खडखडत निघाल्या. असा प्रवास गिरिधरनं पुन्हा कधी केला नाही. एकेका खड्ड्यात पाणी डब्याच्या काठापर्यंत उसळे, गाडीवान मागं वळून हसे, आणि गिरिधर पोत्याखाली वाकून पाही. पिल्लं खाली होती. आ केलेलं एकही तोंड दिसत नव्हतं. त्याला स्वतःची कंबर मोडल्यासारखी झाली होती, पण त्यानं गाडीवानाला सावकाश हाक म्हणून सांगितलं नाही.

दिवेलागणीला पळसमेंढा आलं. देवराव पाळीवर उभे होते. ट्रकची वाट पाहत होते, आल्या बंड्या. आधी त्यांना काही उमजेना. मग त्यांनी पहिला डबा पाण्यात तिरपा केला. काळ्या पाण्यात बारीकशी चमक पसरली आणि नाहीशी झाली. डब्याच्या तळाशी फार थोडी मेलेली राहिली होती. देवराव ती हातात घेऊन मोजत बसले नाहीत. "बसा साहेब," एवढंच म्हणाले, आणि दुसरा डबा धरायला वळले.

सकाळी गिरिधर रिकाम्या डब्यांसकट त्याच बंड्यांतून परत आला. बांधीत बायका लागलेल्याच होत्या, आणि त्यांच्या रांगेच्या टोकाला, बरेच मागं पडलेले, रुपराव वाकलेले होते.

जिजाबाईनं त्याला लांबूनच हाक मारली. "ओ साहेब, तुमच्या ड्रायव्हरनं आमाले फसवलं! याले रोवणी येतच नाही! कालची याची ओळ पाहा, सापावानी गेली. आमी मागून उपटून पुन्हा लावली."

"मंग ठेवलं काहून त्यायले?" गिरिधरनं विचारलं.

"बोलते चांगला," ती म्हणाली. "हसून हसून दिवस गेला."

रुपराव कंबरेवर हात ठेवून कसेबसे उभे झाले. त्यांनी आधी बंडीतल्या डब्यांकडे पाहिलं.

"जगले?"

"जगले."

त्यांनी मान हलवली आणि हातातली परह्यांची पेंढी संपेपर्यंत पुन्हा वाकले. तेव्हा कुठं गिरिधरला समजलं की हा माणूस काटोलकडचा. तिकडं संत्रं, ज्वारी, कापूस. धानाची रोवणी त्यांनी आयुष्यात केली नव्हती. हेही त्याला जिजाबाईकडून कळलं. एका दिवसात तिनं विचारून घेतलं होतं.

एक्सलचा निरोप त्यांनी आदल्या दिवशीच एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडला होता. एक्सल दुपारच्या गाडीनं आला. बसवला, एक नट उरला, आणि ते नागपूरच्या वाटेला लागले. त्या महिन्याच्या शेवटी रुपरावांची नोकरी संपत होती. हे गिरिधरला पुढं कचेरीतल्या चंद्रभाननं सांगितलं, तेव्हा गिरिधर दुसऱ्या तालुक्यात कामावर होता. परत आला तोवर ते आपल्या गावी निघून गेले होते. त्या दिवशी वाटेत मात्र रुपरावांनी यातलं काही काढलं नाही. कदाचित विचारलं असतं तर सांगितलं असतं.

संध्याकाळी नागपुरात रामदासपेठेच्या कोपऱ्यावर त्यांनी ट्रक उभा केला. गिरिधर खाली उतरला. रुपरावांचे पाय ब्रेकवर उघडेच होते. चिखलात दोन दिवस राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटल्या होत्या.

"पायाले चिखल्या झाल्या तुमच्या," तो म्हणाला. "तेल लावा घरी जाऊन."

"लावतो."

"कोमट करून लावा."

"हो. दार जोरात लोटा गिरिधरभाऊ, तसं लागत नाही ते."

त्यानं लोटलं. "लागलं का?"

"लागलं."