संपादकांचं मत

संपादक कधी कुठल्या वर्तमानपत्रात नोकरीला नव्हते. ते सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करायचे. बसलेला स्प्रिंग उठवायचा, कुजलेला फोम काढून नवा भरायचा, वर रेक्झीन नाहीतर जाड कापड ताणून बसवायचं, हे त्यांचं काम. पण सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की देशात काल काय झालं, ते बरोबर की चूक आणि यापुढे काय व्हायला हवं, हे सगळं त्यांच्या तोंडून ऐकूनच गल्ली कामाला लागायची. म्हणून त्यांना संपादक हे नाव पडलं, आणि इतकं चिकटलं की पावतीवरही लोक तेच लिहायला सांगायचे.

बारीक खिळ्यांना त्या धंद्यात चुका म्हणतात. कापड ठोकताना मूठभर चुका ओठांत धरायच्या आणि एकेक काढून बसवायची. दुसरा कोणी त्या वेळी तरी गप्प राहिला असता. संपादक चुका धरूनही बोलायचे. "तोंडात चुका घेऊन बोलणारा या देशात मी एकटाच नाही," असं म्हणून आधी स्वतःच हसायचे.

समोर औषधांचं दुकान होतं. औषधवाले सत्तेतल्या पक्षाचे कट्टर. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की ते रस्ता ओलांडून यायचे, कुणाच्या तरी दुरुस्तीला आलेल्या सोफ्यावर ऐसपैस बसायचे आणि मग दोघांची जुंपायची. आवाज चढायचे, हातवारे व्हायचे, नवख्या माणसाला वाटायचं आता हातघाईवर येणार. तेवढ्यात चहा यायचा. चहा पिताना राजकारण बोलायचं नाही असा दोघांचा करार होता, तो कधी मोडला नाही.

घर दुकानाच्या वरच. घरी बायको आणि एक मुलगी. मतदानाच्या दिवशी संपादक इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांत आधी रांगेत जाऊन उभे राहायचे. बायको सावकाश, स्वयंपाक उरकून जायची. तिनं कुणाला मत दिलं हे तिनं जन्मात कधी सांगितलं नाही. संपादक खनपटीला बसायचे. ती म्हणायची, "गुप्त म्हणजे गुप्त. कायदा तुम्हीच शिकवलात ना?" तिच्या या उत्तराचं त्यांना मनातून फार कौतुक होतं.

मुलगी मात्र बापावर गेली. शाळा सुटली की दुकानात यायची, सीट नसलेल्या खुर्चीच्या हातावर तोल सांभाळत बसायची आणि बापाला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायची. बातमी संपली की संपादक तिला विचारायचे, तुला काय वाटतं? ती काहीतरी बोलायची. ते ते नीट ऐकून घ्यायचे, पटलं नाही तर मोठ्या माणसाशी भांडावं तसं तिच्याशी भांडायचे. "मला काय करायचंय" हे वाक्य त्या घरात शिवीसारखं होतं. बायको म्हणायची, "आधी तिला पाढे येऊ देत, मग देश चालवू दे." दोन्ही आलं म्हणायचं. मुलगी शिकली आणि सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायच्या विभागात लागली.

मग दिवस बदलले. ते एका रात्रीत बदलले नाहीत, हळूहळू, बोचणारा स्प्रिंग वर यावा तसे आले. पोलिसांच्या परवानगीशिवाय चार माणसांनी चौकात बोलायचं नाही असा कायदा झाला. निवडणूक पुढे ढकलली, मग आणखी पुढे ढकलली. गावातलं एकुलतं एक खमकं वर्तमानपत्र बंद पडलं आणि त्यातल्या बातमीदार बाईंना उचलून नेलं. दुकानातली गिऱ्हाइकं खुर्ची कधी मिळेल एवढंच विचारून निघू लागली. एक दिवस औषधवालेच म्हणाले, "संपादक, जरा हळू. भिंतीला कान असतात असं नाही, पण रस्त्याला आहेत."

"तुमचंच सरकार आहे ना? मग तुम्ही का घाबरता?"

औषधवाले उठले. चहा न घेताच गेले.

बातमीदार बाईंच्या सुटकेसाठी न्यायालयासमोर काही लोक जमले, त्यात मुलगी होती. तिनं बोलायचं ठरवलं नव्हतं. कुणीतरी हातात माइक दिला आणि ती बोलली. "मी एक्स-रे काढते," ती म्हणाली. "आत काय मोडलंय ते बघायलाच दिलं नाही तर हाड वाकडं जुळतं. बातम्या देणारी माणसं तेवढंच करतात, आत काय मोडलंय ते दाखवतात. त्यांना सोडा, आणि निवडणूक घ्या. आम्हाला ठरवू द्या." एवढंच. पण कुणीतरी ते टिपलं आणि घरोघरी फोनवर पोचलं. संपादकांनी ते दुकानात पुन्हा पुन्हा ऐकलं. येईल त्याला दाखवलं. छाती इतकी फुगली होती की बायको म्हणाली, "शर्टाची बटणं सांभाळा."

त्याच आठवड्यात मुलीला इस्पितळातून, अंगावरच्या पांढऱ्या कोटासकट नेलं. सरकारविरुद्ध द्वेष पसरवणं आणि शांतता धोक्यात आणणं, असं कलम होतं. जामीन नाही.

सुरुवातीला संपादक ताठ होते. तुरुंगात भेटायला जाळी होती, पलीकडे मुलगी, अलीकडे हे दोघं, आणि दोन्हीकडे इतकी माणसं ओरडत असायची की प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागे. मुलगी हसायची. आतल्या गमती सांगायची. संपादक बाहेर येऊन बायकोला म्हणायचे, "बघितलंस? वाघीण आहे." बायको रिकामा डबा पिशवीत ठेवायची आणि चालायला लागायची.

पण तारखा पडत गेल्या. मुलगी हसायची थांबली नाही, पण हसली की खोकला यायचा आणि खोकला आला की थांबायचा नाही. चेहरा एवढासा झाला. औषधवाले एक दिवस चांगला शर्ट घालून आपल्या पक्षाच्या कचेरीत गेले. संध्याकाळी परत आले ते सरळ आपल्या दुकानात शिरले. संपादक रस्ता ओलांडून गेले तेव्हा ते औषधांच्या डब्या उगाच इकडच्या तिकडे लावत होते.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तुमची ओळख असेल तर तुमच्याकडेही बघावं लागेल." ते पाठ फिरवूनच बोलत होते. "इतकी वर्षं झाली हो. पोस्टर लावलीत मी त्यांची."

मग मुलीच्या वकिलांनी मार्ग सांगितला. मुलीनं लिहून द्यायचं की मला भुलवलं गेलं, माझे शब्द मी मागे घेते, यापुढे जाहीर बोलणार नाही. ते कॅमेऱ्यासमोर वाचायचं. मग सोडतील. मुलीनं वकिलांना हाकलून दिलं होतं. संपादकांनीही हाकललं. "माझी मुलगी खोटं वाचणार नाही," ते म्हणाले.

पुढच्या भेटीला मुलगी आलीच नाही. आतून निरोप आला की चक्कर येऊन पडली, आता बरी आहे. बरी म्हणजे किती बरी, हे सांगायला कुणी तयार नव्हतं. परत येताना बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत बसली होती. घरी आल्यावर तिनं चपला काढल्या, आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल."

"काय सांगू? खोटं बोल म्हणून सांगू?"

"हो."

"अगं, तिनं काही गुन्हा केलेला नाही."

"मला माहीत आहे. मला काय कळत नाही का?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ती आत गेली ती तुमचं ऐकून. आता बाहेर यायचं तेही तुमचंच ऐकून येईल. माझं ऐकणारी असती तर मी कधीच सांगितलं असतं."

 संपादक दुकानात जाऊन बसले. एका खुर्चीचं जुनं कापड सोडवायला घेतलं आणि पकड हातात तशीच राहिली.

पुढच्या वेळी ते एकटे गेले. मुलगी जाळीला धरून उभी होती. आधारासाठी धरलं होतं, हे त्यांनी ओळखलं. त्यांनी वाटेत चांगलं लांबलचक भाषण जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"सही कर," ते म्हणाले.

गोंगाटात तिला ऐकू गेलं नाही. त्यांना पुन्हा ओरडून सांगावं लागलं, आणि ते आजूबाजूच्या सगळ्यांनी ऐकलं.

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. "बाबा, हे तुमचं मत आहे?"

"हो."

"खरंच?"

"हो. आपण चुकलो. मी चुकलो. कुणाला काही पडलेलं नाही, आणि तू तिथं मरतेयस. सही कर."

 मुलगी मान हलवून "बरं" म्हणाली. लहानपणी झोपायला जा म्हटलं की म्हणायची तसं.

ते टीव्हीवर दाखवलं. मुलीनं कागद हातात धरून सगळं वाचलं, न अडखळता, स्पष्ट उच्चारात. औषधवाल्यांच्या दुकानात टीव्ही चालू होता. त्यांनी उठून तो बंद केला आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, "बिघडलाय."

मुलगी घरी आली. आईनं तिला न्हाऊ-माखू घातलं, जेवायला वाढलं, अंगावर पांघरूण घातलं. खोकला हळूहळू गेला. नोकरी गेलीच होती. महिनाभरानं ती आपणहून दुकानात आली आणि बापाच्या हाताखाली काम करू लागली. हात चांगला होता तिचा. कापड कसं ताणायचं, कोपऱ्याची घडी कशी बसवायची, हे विचारायची. त्यापलीकडे काही नाही. संपादक वर्तमानपत्र मुद्दाम तिच्या समोर ठेवायचे. ती ते उचलून कापायच्या टेबलाखाली सारायची, फोमचा चुरा गोळा करायला. दुपारी औषधवाले यायचे, सोफ्यावर बसायचे, चहा प्यायचे आणि जायचे. आता भांडायला दोघांकडेही काही उरलं नव्हतं, म्हणजे खरं तर सगळंच उरलं होतं.

शेवटी निवडणूक झाली. उमेदवार नावालाच होते, कोण येणार हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. तरी संपादकांनी शर्टाला इस्त्री केली. मुलीच्या खोलीच्या दारात उभे राहिले. "येतेस?"

"तुम्ही जाऊन या, बाबा."

या वेळी रांगेत ते शेवटचे होते. यंत्रासमोर इतका वेळ उभे राहिले की बाहेरून अधिकाऱ्यानं विचारलं, काही अडचण आहे का. ते नाही म्हणाले आणि बटण दाबून बाहेर आले. घरी बायकोनं प्रथमच विचारलं, "कुणाला दिलंत?" त्यांनी सांगितलं नाही. सांगायची लाज वाटावी असं काही नव्हतं, पण सांगवेना.

पुढे मुलीला दुसऱ्या शहरात, एका खासगी दवाखान्यात काम मिळालं. संपादक तिला गाडीवर सोडायला गेले. गाडी यायला वेळ होता. ते म्हणाले, "त्या दिवशी मी बोललो ते माझं मत नव्हतं."

"मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"तेव्हाच. तुम्हाला खोटं बोलताना मी पहिल्यांदा बघितलं." ती रुळांकडे बघत होती. "नुसतं सही कर म्हणाला असतात तर केली नसती. पण तुमच्यावर खोटं बोलायची पाळी आणली त्यांनी, म्हटलं आता संपलंच सगळं. मी एकटीनं ताणून काय होणार होतं?"

संपादकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी आली, त्यांनी बॅग चढवून दिली.

मुलगी रविवारी फोन करते. आईचा गुडघा, तिकडचं घर, पाणी किती वेळ येतं, असं सगळं बोलते. परवा संपादकांना राहवलं नाही. बातमीदार बाईंना तुरुंगातच हृदयविकाराचा मोठा झटका आल्याचं ऐकलं होतं, ते त्यांनी सांगायला सुरुवात केली.  मध्येच मुलगी म्हणाली, "बाबा, आईला द्या ना फोन."

त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि जिना उतरून दुकानात गेले. रविवार होता, दुकान बंद होतं. ते आत दिवा न लावता एका सोफ्यावर बसून राहिले. वर बायको फोनवर बोलत होती, तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते.