कमळाबाई आणि मठाचं सोनखत

गावाकडं चला म्हणणाऱ्या माणसाचा कमळाबाईंना मनापासून तिटकारा होता, आणि नोकरी लागली ती नेमकी तशाच माणसांच्या स्वयंपाकघरात.

तारोडीच्या उतारावर, समुद्राकडं तोंड करून, सृष्टिबंधू आश्रम आहे. फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती पंथाचे सात ब्रदर आणि त्यांचे मुख्य फादर ऑस्विन तिथं राहतात. अंगात तपकिरी झगा, कमरेला गाठी मारलेला दोर. भात लावायचा, मधमाश्या पाळायच्या, मासळीच्या टाकाऊ भागाचं खत करायचं आणि डोंगरी-तारोडीच्या पाड्यांवरच्या बायकांना ते शिकवायचं, असा त्यांचा उद्योग. झाड, पाखरू, गांडूळ, सगळे आपले भाऊबंद, अशी त्यांची शिकवण. गावातले लोक त्या जागेला नुसतं मठ म्हणतात. कमळाबाई भाईंदर पूर्वेहून रोज सकाळी तिथं येतात आणि आठ माणसांचा स्वयंपाक करतात. रविवारी पाहुण्यांचाही.

हे रविवारचे पाहुणे म्हणजे कमळाबाईंच्या तुच्छतेचं खास खाद्य. बेव्हर्ली पार्कातून, बोरिवलीहून गाड्या भरभरून यायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरायचे, दहा-बारा रोपं खोचायचे, फोटो काढायचे आणि मग नळाखाली अर्धा तास पाय धूत बसायचे. त्यांनी खोचलेली रोपं सोमवारी ब्रदर लोक उपटून पुन्हा लावायचे. जेवताना एखादी बाई डोळे मिटून म्हणायची, "गावच्या जेवणाची चवच वेगळी." कमळाबाई भाकरी थापता थापता खिडकीतून बघायच्या आणि नाकातून नुसता "हं" काढायच्या. गाव काय असतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

भोकरदनच्या पुढं, जालना जिल्ह्यात, गावाच्या उगवतीला त्यांची वस्ती. बापानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. दोन महिने गावानं कळ काढली. तिसऱ्या महिन्यात विहिरीवर पाणी बंद, दळण बंद, मजुरी बंद. आई तीन कोसांवरून पाणी आणायची. तरी कधी कुणाची तहान भागली नाही आणि घागर शिवली म्हणून कुणी ना कुणी कोकलायचंच. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा कोंडिराम भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होता. चाळीतल्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा कमळाबाईंनी आधी मोरीतला नळ सोडून पाहिला. पाणी आलं. कुणी विचारलं नाही, तू कोण. त्या दिवसापासून गावाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर आठी यायची. पॉलिशच्या धुळीनं कोंडिराम छातीच्या दुखण्यात गेला, तरी त्या गावाकडं फिरकल्या नाहीत. बेव्हर्ली पार्कात पाच घरची कामं करून मुलगा संघर्ष शिकवला. गुडघे कुरकुरायला लागल्यावर तिथल्याच नीलिमा मॅडमनी त्यांना मठात चिकटवलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी फादरांना विचारलं होतं, "तुमी लगीन करत नाई ते कळलं. पण ते दुसरं काय म्हनतात, गरिबीचं व्रत? ते काय असतं?"

फादर ऑस्विन मूळचे मंगळूरकडचे. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे बोलणं शुद्ध आणि संथ. "आमच्यापैकी कुणाच्याही स्वतःच्या मालकीचं काहीही नसतं, कमळाबाई."

"आमच्या वस्तीत बी कुनाच्या मालकीचं काई नव्हतं," कमळाबाई म्हणाल्या. "आमी त्याला व्रत नाई म्हनत व्हतो."

फादर मनापासून हसले आणि ही गोष्ट त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना सांगितली. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते कमळाबाईंना कळलं नाही. माणूस वाईट नव्हता. पण चांगल्या माणसाचाही कंटाळा येतो, आणि जो आपल्या चांगुलपणात इतका गुंग की समोरचं दिसत नाही, त्याचा तर जास्तच.

दोन वर्षं अशीच गेली. मग फादरांनी शेताच्या मागं दोन कोरडे संडास बांधले. पाण्याचा थेंब लागत नाही. खाली मोठे प्लास्टिकचे पिंप, वरून दर वेळी मूठभर राख आणि भुसा टाकायचा. पिंप भरलं की आठ महिने झाकून ठेवायचं, मग त्याचं खत होतं. पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, तिथं असे संडास झाले तर पाणीही वाचेल आणि जमीनही सुधारेल, असा त्यांचा हिशोब. जुन्या शेतीच्या पुस्तकात त्यांना याला शब्दही सापडला होता. सोनखत. तो शब्द ते असा उच्चारायचे, जणू त्यांनीच घडवला.

पिंप उघडायचा दिवस ठरला. शहरातून पंधरा-वीस पाहुणे येणार होते, पाड्यांवरच्या बायका येणार होत्या. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी फादरांनी बायकांच्या गटाला तयारीसाठी अंगणात बोलावलं. गटाच्या प्रमुख जिजाबाई. डोंगरीच्या जुन्या घरातल्या. सासऱ्यांच्या काळी त्यांची भातशेती होती, मिठागरं होती. आता शेताच्या जागी भाड्याच्या खोल्या आहेत, पण चालणं अजून बांधावरचं. मठातलं खत शिकायला त्या नियमानं यायच्या आणि घरी जाऊन दुकानातली गोणी आणून कुंडीत ओतायच्या.

"उद्या पिंप उघडून खत बाहेर कसं काढायचं, हे कुणी दाखवेल?" फादरांनी विचारलं.

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. जिजाबाईंनी पदर नाकाला लावला. पिंप तर अजून बंदच होतं. त्या स्वयंपाकघराच्या दाराकडं हनुवटी करून म्हणाल्या, "आमाला कशाला इचारता फादर? ती हाय ना तुमची, भाईंदरची. त्या लोकांना सवय हाय."

दोन-तीन बायका खाली बघून हसल्या. फादरांना त्यातलं काही कळलं नाही. पुस्तकात ते नसतं. उलट त्यांचा चेहरा उजळला. कमळाबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होत्या, त्यांनाच ते म्हणाले, "खरंच, कमळाबाई, तुम्हीच दाखवा. तुमच्याइतकी नेटकी कामं इथं कुणाची नाहीत. मातीशी तुमचं जुनं नातं आहे." आणि त्यांनी हिरवा ॲप्रन आणि रबरी हातमोजे पुढं केले.

कमळाबाईंनी ट्रे ओट्यावर ठेवला. हातमोज्यांकडं बघितलं. मग जिजाबाईंकडं बघितलं, नीट, कपाळापासून पायापर्यंत, भाजीवालीची उरलेली जुडी बघावी तसं. आवाज चढवला नाही.

"फादर, माझ्या बापानं ढोरं ओढायची सोडली तवा गावानं आमचं पानी तोडलं. माझी धाकटी बहीन त्या उन्हाळ्यात हगवनीनं गेली. पानी नव्हतं म्हनून गेली. ते नातं तोडायला आमाला एवढं मोल पडलं. आन् तुमी दोन हातमोजे दिऊन परत जोडता व्हय?"

"पण हे खत आहे, कमळाबाई. यात कमीपणा काही नाही. सोनं आहे हे."

"ज्याला सोनं दिसतंय त्यानं उचलावं. जिजाबाईंना बी द्या वाटून. जुन्या घरच्या हायेत, सोन्याची पारख आसंल."

कमळाबाई आत गेल्या. आमटीला फोडणी दिली, भात उतरवला, ओटा पुसला, आणि रोजच्याच वेळी रोजच्याच बसनं घरी गेल्या.

घरी संघर्ष ऐकून पेटला. तो कुरिअर कंपनीत सुपरवायझर होता. "उद्यापासून जायचं नाही तू. बस झालं. लोकांना सांगतो मी, मीडियाला सांगतो."

"मी का नाई जायचं? घान त्यांची, आन् नोकरी माझी गेली? येडा झाला का तू?" त्या म्हणाल्या आणि सकाळी नेहमीसारख्या निघाल्या.

दारातच फादर उभे होते. रात्रभर झोप नसावी. कुणीतरी त्यांना सगळं उलगडून सांगितलेलं दिसत होतं. "कमळाबाई, माझ्याकडून नकळत..."

"नकळतच व्हतं सगळं," कमळाबाई म्हणाल्या. "गावाला बी कदी काई कळलं नाई. सरका, दूध उतू जाईल."

दूध अजून चुलीवर ठेवलेलंही नव्हतं.

अकरा वाजता पाहुणे आले. फादर बोलायला उभे राहिले, पण त्यांच्या आधी ब्रदर अभिनव पुढं झाला. पस्तिशीचा, अबोल माणूस. मधमाश्यांचं काम त्याच्याकडं असायचं. त्यानं झगा खोचला, हातमोजे चढवले आणि पिंपाचं झाकण काढलं. कमळाबाईंनी स्वयंपाकघरातून प्लास्टिकची खुर्ची आणली आणि सगळ्यांच्या पुढं, मधोमध मांडून बसल्या. मटार सोलायला घेतले.

आत सोनं झालेलं नव्हतं. कुणीतरी राख टाकायचा कंटाळा केला असावा, किंवा पावसाचं पाणी मुरलं असावं. वरचा वीतभर थर कोरडा, खाली सगळा ओला गाळ. वास असा सुटला की बोरिवलीची माणसं अंगणाच्या कडेच्या माडापर्यंत मागं सरकली. मातीशी एकरूप व्हायला आलेल्या एका गृहस्थानं शर्टात तोंड खुपसलं. जिजाबाई गटातल्या बायकांना घेऊन फाटकाबाहेर गेल्या त्या गेल्याच. ब्रदर अभिनव फावड्यानं काढत राहिला. एकदा बाजूला जाऊन ओकला, तोंड पुसून परत आला. पिंप रिकामं व्हायला दीड तास लागला. तोवर अंगणात फादर, दोन ब्रदर आणि खुर्चीवरच्या कमळाबाई एवढेच उरले होते. कमळाबाईंचे मटार केव्हाच सोलून झाले होते, तरी त्या उठल्या नाहीत. त्यांना शेवटपर्यंत बघायचं होतं.

नंतर ब्रदर अभिनव मोरीपाशी हात धुवायला आला. कमळाबाईंनी बादली उचलली आणि तांब्यानं त्याच्या ओंजळीत पाणी घातलं. तो खाली बसलेला, त्या उभ्या. तांब्या त्याच्या हातापासून वीतभर वर धरलेला. धार पडत होती आणि कमळाबाईंचं लक्ष एकदम त्या अंतराकडं गेलं. गावात पाटलाची सून त्यांच्या आईला असंच पाणी वाढायची, तांब्या विटाळू नये म्हणून वरून. त्यांनी तांब्या खाली आणला, बादलीच्या कडेला ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या तुमच्या हातानं."

त्यानं साबण घेतला. बराच वेळ हात चोळत राहिला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "मावशी, मी परतूरचा आहे."

"म्हंजे जालन्याचा?"

"हो. आमची पण वस्ती उगवतीलाच. आजोबा ख्रिस्ती झाले, तुमचे वडील बौद्ध झाले. त्याआधी दोघांचं काम एकच."

कमळाबाई बघत राहिल्या. मग अंगणात जिजाबाईंवरही आला नव्हता इतका संताप आला. "आन् तरी तू ते उपसलं? आज्यानं देव बदलला कशापायी? लाज नाई वाटली तुला?"

"मला कुणी सांगितलं नव्हतं, मावशी. आजोबांना सांगायचे."

"मंग? हात तर भरलेच ना."

"भरले," तो म्हणाला. "पण तुम्ही नाही म्हणालात, तर मग आम्हा ब्रदरांपैकीच कुणीतरी करायला हवं होतं. फादरांना तरी 'तुम्ही करा' असं कुठल्या तोंडानं सांगणार होतो, मी न करता?"

"दाखवायला केलंस. तुला परवडतंय म्हनून केलंस. उद्या झगा काढलास तरी तुला कुनी त्या कामाला लावनार नाई. माझ्या बापाला काढायला झगा नव्हता."

तो साबण जागेवर ठेवून उठला. हो म्हणाला असता तरी कमळाबाईंना राग आला असता, आणि नाही म्हणाला असता तरी. त्यांनी त्याच्यासाठी जास्त आलं घालून चहा केला, तो त्याच्यापुढं आदळला आणि अर्धा सांडला.

त्याच संध्याकाळी त्या फादरांच्या खोलीत गेल्या. पाहुण्यांच्या खोल्यांत पाण्याचे संडास होते, पण कामाच्या माणसांना शेतामागचेच. "मला त्या पाहुन्यांच्या खोलीची किल्ली पायजे. माझी मला. मी मागून घेनार नाई रोज."

फादरांनी किल्ली दिली. आणखी काही बोलावं असं त्यांच्या मनात होतं, पण कमळाबाई थांबल्या नाहीत.

पाड्यांवर कोरडे संडास झाले नाहीत. जिजाबाईंचा गट पुन्हा मठात आला नाही. गावात मात्र बोलणं फिरत राहिलं की भाईंदरच्या बाईनं पाद्र्यांना घाण काढायला लावली. एकदा बसस्टॉपवर जिजाबाईंनीच टोकलं, "देवाच्या मानसाला हे कराला लावतीस, पाप लागंल गो तुला." कमळाबाईंनी त्यांच्याकडं न बघता उत्तर दिलं, "मंग तुमी या करायला. पुन्य लागंल." आणि बस आल्यावर जिजाबाईंच्या आधी चढून खिडकीची जागा पकडली.

मठातले दोन संडास फादरांनी मोडले नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर पिंप काढायच्या पाळ्यांचा कागद लागला. आठवड्याला एक, असे सातही ब्रदर, आणि सगळ्यात वर फादर ऑस्विन. कमळाबाईंना वाटलं, चार आठवडे चालेल हे नाटक. नाटक चालू राहिलं. त्यामुळे त्यांचं मत बदललं नाही. जे काम सोडायला माणसाला जन्म घालवावा लागतो, ते हौसेनं करणाऱ्यांबद्दल आदर वाटावा इतकं त्यांचं डोकं फिरलेलं नव्हतं. फक्त राख कमी पडते हे दिसल्यावर त्या चुलीतली राख वेगळ्या डब्यात भरून मागच्या दाराशी ठेवू लागल्या. चूल रोज काढावीच लागायची, राख कुठंतरी टाकायचीच होती.

परवा फादरांची पाळी होती. साठी उलटलेला माणूस, कंबर धरलेली. भरलेलं पिंप जागचं हलेना. दोनदा ओढून पाहिलं, मग दम खात त्यांनी दाराकडं पाहिलं. ब्रदर लोक भातात होते. दारात कमळाबाई एकट्याच.

"कमळाबाई," ते म्हणाले, आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

कमळाबाईंनी पदराला हात पुसले. पिंपाकडं पाहिलं, फादरांच्या कमरेकडं पाहिलं.

"उचलू नका. एका कडेवर कलतं करा आन् गोल फिरवत न्या," त्या म्हणाल्या, आणि डाळ करपायच्या आत चुलीपाशी गेल्या.