दुधी कपाची झिजलेली कड

मला जुन्या दुधी काचेचं वेड आहे. पनवेलमध्ये हल्ली जुनी घरं धडाधड बिल्डरकडे जाताहेत आणि लोक शोकेससकट संसार भंगारात घालतात, त्यामुळे माझी चंगळ असते. वाटी, फुलदाणी, साखरेचं भांडं, पांढरं काही दिसलं की मी ते उचलून उजेडाकडे धरते. नवरा म्हणतो, लग्नाआधी मला एवढं निरखून बघितलं असतंस तर मी तरी सुटलो असतो. मी लक्ष देत नाही.

ओळखणं तसं अवघड नाही. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला बहुतेक वेळा एक खरखरीत, बिनचकाकीचं कडं असतं. दुधी काच बुडापर्यंत गुळगुळीत लागते. बऱ्याचशा जुन्या काचेला उन्हात धरलं की पातळ काठाशी किंचित निळसर-तांबूस झाक दिसते, नवी मात्र नुसतीच पांढरीफटक. किंमत ठरते ती न वापरण्यावर. नक्षी शाबूत, सोनेरी रेघ अखंड, सेट पूर्ण, की भाव चढला. वापरलेल्या वस्तूला मी सरळ नाक मुरडते.

मध्यंतरी माझी शाळेतली मैत्रीण आली. तिला उरणला दिली आहे. हिवाळ्यात तिच्या अम्मीचा इंतकाल झाला आणि आता इथलं मोहल्ल्यातलं घर पाडायचं ठरलंय. तिने पिशवीतून सहा कपबशा काढून माझ्या टेबलावर मांडल्या. मी त्या लगेच ओळखल्या. तिचे अब्बा कुवेतला नोकरीला होते, त्यांनी तिकडून आणलेला हा सेट. लहानपणी मी तो शोकेसच्या काचेतून बघत बसायचे आणि आम्हाला चहा मिळायचा स्टीलच्या पेल्यातून.

"काय येतील ते सांग आणि ठेवून घे," ती म्हणाली. "मला घरात नकोत."

"अगं, किती सुंदर आहेत."

"म्हणूनच नकोत. अब्बा हौसेने आणायचे आणि अम्मी कुलूप लावून ठेवायची. पाहुण्यांना नाही, आम्हाला नाही, ईदलासुद्धा नाही. किल्ली कायम तिच्या कमरेला. मय्यतीला आलेल्या बायका म्हणत होत्या, सेट कसा नव्यासारखा ठेवलाय बघा. मला इतकी चीड आली. आयुष्यभर नुसती पुसत राहिली गं. एक कप चहा तरी प्यायची त्यातून."

तिचा आवाज चढला होता. मी माझं काम सुरू केलं. पाच कप अव्वल निघाले. सहावा फिरवला आणि काठावरची सोनेरी रेघ एका जागी पार उडालेली दिसली. मनातल्या मनात मी भाव उतरवलासुद्धा. सवयच ती.

"हा एक वापरलेला आहे," मी म्हटलं.

"शक्यच नाही."

मी कप तिच्यापुढे तिरका धरला. आत, तळाशी, चमच्याचे बारीक गोल ओरखडे होते. असे ओरखडे एकदोनदा साखर ढवळून पडत नाहीत, त्याला वर्षं लागतात. ती बघत राहिली आणि म्हणाली, दादीने वापरला असेल, नाहीतर अब्बांनी.

मी कपाचा कान उजव्या हातात धरून दाखवला. "असा धरला की ओठ या बाजूला लागतात. इथली रेघ बघ, जशीच्या तशी आहे. उडालीय ती समोरची. पिणारं माणूस डावखुरं होतं."

तिने स्वतःचा डावा हात कप धरल्यासारखा ओठांशी नेऊन बघितला.

"अम्मी डावरी होती," ती म्हणाली. "उलट्या हाताने खाणंपिणं नानीला अजिबात चालायचं नाही. लहानपणी मारून मारून तिची सवय मोडली होती. चारचौघांत अम्मीने साधा पाण्याचा ग्लाससुद्धा डाव्या हाताने उचलला नाही. फक्त शिवायला बसली की सुई त्या हातात जायची."

मग तिने माझ्या हातातून कप घेतला आणि कडेवरून बोट फिरवलं. "दुपारी पीत असेल. आम्ही शाळेत, दादी झोपलेली. दुसरी वेळच नव्हती तिला." बोलता बोलता तिला रडू फुटलं आणि रडतारडता ती हसायला लागली. मलाही आवरलं नाही. ज्या झिजेपायी मी आजवर वस्तू बाजूला टाकत आले, त्याच झिजेने एका बाईच्या कितीतरी दुपारी माझ्या टेबलावर आणून ठेवल्या होत्या.

ती डोळे पुसून म्हणाली, "आता पाचांचं बोल."

"सेट मोडला तर किंमत फार पडेल," मी बजावलं.

"पडू दे. ते पाच तिने आमच्यासाठी जपले. हा तिचा होता."