मागच्या खिशांमधले अंतर

मास्तरांना बसवत नव्हते. दुकानात गिऱ्हाईक नसले की ते कापड कापायच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत. आरशापाशी थांबत, उजव्या हाताची बोटे उघडत, मिटत, पुन्हा उघडत. मग डाव्या हाताची दोन बोटे उजव्या मनगटावर ठेवून नाडी बघत. नाडी जागेवर असे. तेवढ्याने समाधान न होता ते पुन्हा चालू लागत.

"मास्तर, टेबल कुठे पळून जात नाही," मशीनवरून बॉबिन म्हणायचा. "राखण बसूनही करता येते."

बॉबिन हे टोपणनाव. तरुणपणी तो दुकानात शिवायला आला तेव्हा मशीनच्या बॉबिनइतका बारीक होता. आता त्याच्या शर्टाच्या बटणांवर ताण येतो, पण नाव तेच राहिले. मास्तर कापायचे, बॉबिन शिवायचा आणि दोघांच्या संसारांना पुरेल इतके काम दुकानात येत होते.

मास्तरांचे वय सहासष्ट. त्यांना भीती एकच होती आणि ती हाताची होती. वडीलही याच टेबलावर कापायचे. कात्री एकदा कापडात शिरली की शेवटपर्यंत थांबवायची नाही, थांबली तिथे कापडाच्या कडेला दात पडतो, खाच राहते, हा त्यांचा नियम. मास्तरांच्या आताच्या वयात एका सकाळी वडिलांच्या हातातून कात्री गळून पडली आणि उजवी बाजू गेली. त्यानंतर ते बरीच वर्षे जगले, दाराशेजारच्या बाकावर. रस्त्याने जाणाऱ्याच्या कोटाचा खांदा कुठे चुकलाय ते त्यांना दिसायचे, सांगता यायचे नाही. डाव्या हाताची दोन बोटे मात्र मांडीवर कात्रीसारखी चालत राहायची. मास्तरांनी हे सगळे टेबलाच्या या बाजूने, कापता कापता पाहिले होते. मरणाची त्यांना फारशी फिकीर नव्हती. त्या बाकावर बसायचे नव्हते.

दीडेक वर्षापूर्वी त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टर तरुण होत्या, त्यांनी घाबरवले नाही. तूर्त गोळी नको म्हणाल्या. मीठ कमी करा, तळलेले कमी करा, पोट थोडे उतरवा, रोज चाला, तीन महिन्यांनी दाखवायला या.

मास्तरांनी मीठ कमी केले नाही, बंद केले. तळलेले बंद केले आणि पाठोपाठ तेलही. पहाटे चालायला लागले. पोट उतरले, जिने चढताना लागणारा दम गेला, औषधाच्या दुकानातल्या यंत्रावर रक्तदाबाचा आकडा खाली आला. इथे थांबले असते तर हे लिहायचे कारण पडले नसते. पण थोडे सोडल्याने इतका गुण आला, तर सगळे सोडल्याने किती येईल, असे त्यांच्या डोक्याने घेतले. साखर गेली, दूध गेले, भात गेला, डाळ रात्रीची गेली आणि मग दिवसाचीही. तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाणे राहून गेले. दाखवायला आजारी माणसाने जायचे, आपण कशाला?

घरात दोघेच. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. दोघांच्या घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. बायको आपला भात-भाजी घेऊन टेबलाच्या एका टोकाला बसे, मास्तर उकडलेल्या भोपळ्याची वाटी घेऊन दुसऱ्या टोकाला.

"चमचाभर भात घ्या."

"नको."

"मग हे अंडं घ्या. त्यात तेल नाही, मीठ नाही, माझा हातसुद्धा फारसा लागलेला नाही."

"या वयात रात्रीचं अंडं पचत नाही."

"कुणी सांगितलं?"

"वाचलं."

"मग जिथे वाचता तिथेच जेवायला जात जा. माझा गॅस तरी वाचेल."

शेजाऱ्यांबरोबर संध्याकाळी पत्त्यांचा डाव व्हायचा, तोही सुटला. डावात शेंगदाणे फिरत, शिवाय हरले की मास्तरांची छाती धडधडत असे. बॉबिनबरोबरचा चार वाजताचा चहा सुटला. चहाबरोबर दोघांत ज्या गप्पा व्हायच्या, त्याही सुटल्या. झोप तुटक झाली. पहाटे उठून ते अंधारात बोटे उघडमीट करून बघत.

"गाल बघा किती बसलेत," बायको म्हणायची.

यावर मास्तरांचे उत्तर ठरलेले असे. ते उभे राहत आणि पँटच्या पट्टीत अंगठा घालू बघत. अंगठा जात नसे. "ढिली झालीय का? बघ. कंबर आहे तिथेच आहे. गाल काय, आमच्या घराण्यातच बसलेले."

पँट खरोखरच ढिली नव्हती. कशी असेल? शिंप्याने झोळणारी पँट घालून दुकानात उभे राहायचे म्हणजे दुकानाची पाटी उलटी टांगण्यासारखे. त्यामुळे पँट जराशी सैल वाटली की दुपारी दुकान रिकामे असताना ते मागची शिवण उसवत, दोन्हीकडून कापड आत घेत आणि नवी टीप मारत. पाच मिनिटांचे काम. शर्टाच्या बाजूच्या शिवणीही तशाच आत जात. लपवण्याचा हेतू नव्हता. सवयीने हात आपोआप चालत होता. दुसऱ्या कुठल्याही माणसाला त्याच्या पट्ट्याच्या भोकांनी, लोंबणाऱ्या पँटने सांगितले असते की बाबा रे, तू संपत चाललायस. मास्तरांना सांगणारे काही उरले नाही. आरशात जो माणूस दिसे त्याचे कपडे नेहमी चोख बसलेले असत, आणि मास्तर आरशात आयुष्यभर कपडेच बघत आले होते.

मग हात थरथरायला लागला. आधी सकाळी, सुई ओवताना. नंतर दुपारीही. मास्तरांना कारण शोधावेच लागले नाही. आले, वडिलांचे आले. संध्याकाळी भोपळ्याच्या जागी आता नुसते सूप होते, तेही त्यांनी निम्मे केले आणि सकाळच्या चालण्यात आणखी एक रस्ता वाढवला. हात जास्त कापू लागला. त्यांनी सूपही सोडले.

ज्या दिवशी हे उघडकीला आले त्या दिवशी टेबलावर एका जुन्या गिऱ्हाइकाचा कोट होता. कापड गिऱ्हाइकाने स्वतः आणलेले, गर्द करडे. मास्तरांनी खडूने रेघा आखल्या, कात्री घातली. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जिथे बसते त्या गोलाईपाशी कात्री वळवताना हात थरथरला आणि पाते रेघ सोडून बोटभर आत गेले.

दुकानात मशीन थांबले. बॉबिनने मान वर केली नाही, पण पायही हलवला नाही.

"कापड कच्चं आहे," मास्तर म्हणाले.

"हो," बॉबिन म्हणाला.

मास्तर स्टुलावर चढले. वरच्या फळीवर त्याच रंगाचा एक तुकडा होता, तो जोडून काही जमते का बघायचे होते. हात उंचावून ते फळीवर चाचपडू लागले, अंगातले जाकीट वर सरकले आणि त्यांची पाठ बॉबिनच्या डोळ्यांसमोर आली. बॉबिन बघत राहिला. मग उठून त्याने स्टूल दोन्ही हातांनी धरले.

"मास्तर, खाली उतरा."

"थांब, सापडतंय."

"उतरा म्हणतो ना. तुमचे मागचे खिसे एकमेकांना भेटायला निघालेत."

मास्तर वरच थांबले. पँटची मागची शिवण आत घेत गेले की दोन्ही बाजूंचे खिसे मध्याकडे सरकतात. ओंजळभर अंतर असायचे तिथे आता दोन बोटेही मावली नसती. हे कुठल्याही शिंप्याला एका नजरेत वाचता येते. पण स्वतःच्या पाठीमागचे खिसे कोण बघतो?

त्याच वेळी बायको डबा घेऊन दारात आली. लग्नानंतरची काही वर्षे तिने याच दुकानात काजे-बटणे केली होती. तिला समजावून सांगावे लागले नाही.

"वहिनी, इकडे या," बॉबिन म्हणाला. "मास्तर, पाठमोरे व्हा."

"अरे, गिऱ्हाईक येईल."

"येऊ दे. ट्रायल चाललीय म्हणू."

तिने खिशांच्या मधे बोट ठेवले. दुसरे ठेवायला जागा नव्हती. मग तिने पट्टी उलटी करून शिवण आतून बघितली. मास्तरांच्या दुकानात आत सोडलेले जास्तीचे कापड कधी कापत नसत. माणसाचे अंग शब्द पाळत नाही, उद्या वाढले तर उसवता आले पाहिजे, हे त्यांनीच बॉबिनला शिकवले होते. इथे आतले कापड शिवणीच्या अगदी लगत कापलेले होते.

"कापून टाकलंत?"

"आत गोळा होत होतं. बाहेरून उठून दिसायचं."

"किती वेळा आत घेतलीत?"

तिने पँटची पट्टी सोडली आणि त्यांचे जाकीट खाली ओढून सरळ केले, ट्रायलला आलेल्या माणसाचे करतात तसे.

"मी रोज विचारत होते," ती म्हणाली, "आणि तुम्ही रोज मला पँट दाखवत होतात."

"मला त्या बाकावर बसायचं नाहीये." मास्तरांचा आवाज चढला होता. "तुला कळतंय का? हात गेला तर मी काय करू? तुझ्याकडून भरवून घेऊ?"

"आत्ता तरी कुठे स्वतःच्या हाताने खाताय?"

बॉबिनने दुकानाचे शटर अर्धे ओढले. तिघे डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी जुना कागद काढला, वजन केले, रक्त तपासायला पाठवले, हात पुढे धरायला लावले, स्वतःची बोटे त्यांच्या मुठीत देऊन दाबायला लावली, डोळे मिटून बोट नाकाला लावायला लावले. मास्तर खुर्चीच्या कडेवर बसले होते, उठून पळायच्या बेतात असल्यासारखे. दोन दिवसांनी तपासणीचे कागद आल्यावर त्यांना पुन्हा बोलावले.

"काका, मी मीठ कमी करा म्हटलं होतं. जेवण नाही."

"पण वडिलांचं..."

"वडिलांना जे झालं त्याची खूण मला आज तुमच्यात दिसत नाही. तुमच्या अंगाला खायला काही मिळत नाही, म्हणून हात कापतोय. दंडाचे, मांडीचे स्नायू गेलेत. या वयात ते जातात लवकर, परत यायला वेळ घेतात. डाळ, अंडी, दूध, फळं, थोडा भात, सगळं चालेल. मीठ बेताचं. चालणं ठेवा, पण चालून झाल्यावर खा. एकदम नको, हळूहळू वाढवा. आणि दर महिन्याला इथे या, बरे असलात तरी."

"म्हणजे पुढे होणार नाही?"

"शक्यता कमी करता येते. होणारच नाही असं लिहून मी कुणालाच देत नाही."

मास्तरांना हेच नेमके नको होते. ते बाहेर आले ते चिडूनच. इतके सोडून, इतके चालून, हाती काय, तर शक्यता कमी. घराच्या जिन्यापाशी बायको म्हणाली, "तुम्ही कोट शिवून देता, तो फाटणारच नाही असं लिहून देता का?"

"नाही."

"मग चला, जेवू."

पहिले काही दिवस वाईट गेले. जेवून उठले की मास्तर नाडी बघत, अंड्यानंतर जास्तच वेळ. भात पुढे आला की हात आपोआप मागे जाई. बायकोने टेबलाच्या दोन टोकांची ताटे एका बाजूला आणली आणि समोर बसून जेवू लागली. संध्याकाळी शेजारी पत्ते घेऊन आपणच वर आले. तिने बोलावले होते हे त्यांनी डावातच सांगून टाकले. मास्तर हरले. छाती धडधडली, मग शांत झाली. करड्या कोटाच्या गिऱ्हाइकाला खरे सांगून नवे कापड आणले, तो कोट त्या आठवड्यात बॉबिनने कापला. मास्तर टेबलाभोवती फेऱ्या मारत बघत राहिले. बाकाकडे मात्र त्यांनी पाठ ठेवली होती.

दोन महिन्यांनी पँट कमरेला काचू लागली. उसवायला आत कापड नव्हते.

"नवी कापू," मास्तर म्हणाले.

"कापू की," बॉबिन म्हणाला. "पण माप मी घेणार. तुमच्या मापावर माझा विश्वास नाही."

स्वतःचे माप मास्तरांनी कधी कुणाला घेऊ दिले नव्हते. ते आरशासमोर उभे राहिले. बॉबिनने टेप कमरेभोवती फिरवला आणि आकडा मोठ्याने म्हटला नाही. गिऱ्हाइकाची कंबर दुकानात कधी पुकारायची नाही, हा शिरस्ता त्याने इथेही पाळला. आकड्यावर अंगठा ठेवून टेप त्याने मास्तरांसमोर धरला. मास्तरांनी बघितले.

"आत किती सोडू?" बॉबिनने विचारले.

"भरपूर सोड."

कापड अंथरले, खडूची रेघ ओढली. कात्री मास्तरांनी स्वतः घेतली. हात पहिल्यासारखा नव्हता, पण चालत होता. कमरेपासून मांडीपर्यंत पाते रेघेवरून सरळ गेले. गुडघ्याच्या जरा वर बोटांत हलकी थरथर आली. मास्तर थांबले. बॉबिनने मशीनवरून मान वर केली. या टेबलावर अर्ध्या कापात आपण होऊन थांबवलेली कात्री त्याने आजवर पाहिली नव्हती.

मास्तरांनी कात्री तशीच उघडी, कापडातच ठेवली. खणातून केळे काढले, सोलले आणि उभ्याउभ्या खाऊ लागले. फेऱ्या मारल्या नाहीत. डाव्या हाताची बोटे मनगटाकडे गेली, पण अर्ध्या वाटेतून परत आली.

"चार वाजले," बॉबिन म्हणाला. "चहा सांगू?"

"सांग. साखर अर्धी."

केळ्याची साल टोपलीत टाकून त्यांनी हात धुतले, नीट पुसले आणि कात्रीत बोटे घातली. थांबले होते तिथे कापडाला बारीकसा दात पडला होता. त्यांनी तो अंगठ्याने चाचपून पाहिला. शिवणीत जाण्यासारखा होता. पाते पुढे सरकवले.