न विचारता दिलेली गोळी

‘११ ऑक्टोबर, शनिवार. भाची सकाळी सातला आली. वजन दोन किलो कमी. बेसिनच्या नळाचा वॉशर बदलून घेतला. दुपारी २.१० ला भाचीला कॉफीतून सर्दीची एक गोळी दिली. तिला सांगितले नाही.’

शेवटचे वाक्य लिहून मावशींनी पेनला टोपण लावले. औषधाच्या दुकानात चौतीस वर्षे काउंटरमागे उभी राहिलेली बाई. हातून गेलेली गोळी कागदावर उतरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. डॉक्टरांचे अक्षर डॉक्टरांनाच लागेनासे झाले की चिठ्ठी त्यांच्याकडे येई. सारी गल्ली त्यांना गोळीबाई म्हणे आणि त्यांनी दिलेले औषध डोळे मिटून गिळे. गिळत नव्हती ती एकटी भाची.

‘माय मरो पण मावशी उरो’ ही म्हण या घरात खरी झाली होती. पोर तीन वर्षांची असल्यापासून तिचा ताप, तिचे दात, तिच्या जंतांचे औषधसुद्धा मावशींनीच पाहिले. आता ती हवाई दलात वैमानिक व्हायला गेली होती आणि सात महिन्यांत तिच्या तोंडी एकच जप बसला होता: मॅडम. मॅडम म्हणजे तिला विमान शिकवणारी बाई. झोप साडेनवाला, मॅडमनी सांगितले. पाणी मोजून तीन लिटर, मॅडमनी सांगितले. पहाटे पाच किलोमीटर पळणे, तळलेले बंद. दोन दिवसांच्या सुट्टीतही ती जेवणाच्या खुर्चीवर ताठ बसून, डोळे मिटून, हवेतली बटणे दाबत उड्डाणाची उजळणी करी. त्यात घरातल्या धुळीने तिला शिंका सुरू झाल्या.

“गोळी देते,” मावशी म्हणाल्या.

“नको गं. मॅडमना विचारल्याशिवाय साधी खोकल्याची गोळीही चालत नाही आम्हाला.”

“मग शिंकायची परवानगी काढलीस का?”

पोर हसली. मावशींना हसू आले नाही. ज्या हाताला कधी कुणी ‘ही कशाची?’ म्हणून विचारले नाही, तो हात घरच्याच पोरीने मागे सारला होता. जीव नुसता जळफळला. सवत असती तर निदान समोरासमोर भांडता आले असते. ही बाई तर उंबरा न ओलांडता घर चालवत होती! कॉफी ढवळताना गोळी पेल्यात पडली ती याच रागात.

पोर चार तास गाढ झोपली. शिंका थांबल्या. मावशींना जिंकल्यासारखे वाटले, ते डायरी लिहीपर्यंत.

सोमवारी पोर पहिल्यांदाच एकटी विमान नेणार होती. शेजारी मॅडमसुद्धा नसणार, याचा मावशींना केवढा आनंद झाला होता! पण ती गोळी झोप आणते, आणि कुणाच्या अंगात किती वेळ रेंगाळेल याचा नेम नसतो, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक? गप्प बसावे तर पोरीच्या जिवाशी खेळ. सांगावे तर मॅडमचेच खरे.

रविवारी सकाळी त्यांनी डायरीच पुढे सरकवली.

“हे काय केलंस तू?” पोरीचा आवाज चढला.

“शिंकत होतीस.”

“उद्याचं गेलं माझं! अख्ख्या बॅचमध्ये मी शेवटची राहणार, कळतंय का तुला?”

तिने तिथल्या तिथे फोन लावला, सगळे सांगितले आणि फोन मावशींच्या हातात दिला. मॅडमचा आवाज कोवळा होता, फार तर तिशीचा.

“गोळी कोणती? किती मिलिग्रॅमची? किती वाजता दिलीत?”

मावशींनी एका दमात तिन्ही सांगितले.

“इतकं नेमकं कुणी सांगत नाही हो. बरं झालं कळवलंत,” मॅडम म्हणाल्या. “तीन दिवस ती जमिनीवर. गुरुवारी उडेल. आणि उतरली की पहिला फोन तुम्हालाच करायला सांगते तिला.”

शिव्या खायच्या तयारीने उभ्या राहिलेल्या मावशींना ही शाबासकी झोंबली. त्याहून झोंबला तो फोन. म्हणजे आपल्या पोरीने आपल्याला फोन करायचा, तोही हिच्या सांगण्यावरून!

“काय म्हणाल्या?” पोरीने विचारले.

“चिरका आहे गं आवाज तिचा,” मावशी म्हणाल्या.

चारच्या गाडीला पोर निघाली.

‘१२ ऑक्टोबर, रविवार. भाची गेली. उड्डाण गुरुवारी. फोन यायचा आहे. गॅसचा सिलेंडर बदलला.’