फोनवर न विचारलेला प्रश्न

अपघात विभागात डोळ्याला मार लागलेला माणूस आला, की आधी तिच्यासमोर बसायचा. आधी कोणाला आत पाठवायचं आणि कोण थोडं थांबू शकतं, हे ती ठरवायची. नर्स म्हणून बावीस वर्षं हेच काम. डोळ्यात चुना किंवा ॲसिड गेलं असेल, तर नावगाव न विचारता ती त्याला आधी नळाखाली धरायची. कोणी आरडाओरडा करू लागलं तर म्हणायची, "ओरडतोय म्हणजे दम आहे त्याच्यात. गप्प बसलेल्याकडे आधी बघा."

दादाचा, तिच्या थोरल्या भावाचा, फोन आला त्या दुपारी बाकांवर तीस माणसं होती.

"अगं, काम करताना डोळ्यात काहीतरी उडालंय. खुपतंय जरासं."

"चोळू नकोस. पाण्याने धू आणि संध्याकाळी ये," असं म्हणून तिने फोन ठेवला.

दादाचं लोखंडी फाटकं बनवायचं दुकान होतं. संध्याकाळपर्यंत खुपायचं थांबलं, म्हणून तो आलाच नाही. तिलाही घरी गेल्यावर आठवण राहिली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो बाकावर दिसला. डोळ्यावर रुमाल, आणि रांगेत शेवटून दुसरा. बहिणीच्या ओळखीवर पुढे घुसणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तिने रुमाल बाजूला करून टॉर्च मारला. डोळा लालबुंद झाला होता, आत पू साचला होता आणि बाहुली एका बाजूला ओढली गेली होती.

"छिन्नीवर हातोडा मारत होतास?"

"हो. तेच तर काम चाललं होतं."

लोखंडावर लोखंड आपटलं, की बारीक कण गोळीसारखा सुटतो आणि डोळ्यात खोल घुसतो. बाहेरून फारसं दिसत नाही, दुखतही नाही. म्हणून अशा प्रत्येकाला ती पहिला हाच प्रश्न विचारायची. गेल्याच महिन्यात तिने दोन नव्या नर्सकडून तो घोकून घेतला होता.

डोळ्यावर दाब पडू नये म्हणून तिने वर प्लास्टिकची वाटी चिकटवली आणि दादाला स्वतः आत नेलं. ऑपरेशनमध्ये तिळाएवढा कण निघाला. नजर मात्र परत आली नाही.

"तू काय करणार होतीस? मीच आलो नाही," दादा म्हणाला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं.

महिन्याभराने ती दादा-वहिनीकडे गेली. दादा पाणी ओतत होता. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नव्हता, म्हणून धार पेल्याच्या अलीकडेच पडत होती. वहिनीने पेला धारेखाली सरकवला आणि फडक्याने टेबल पुसलं. त्याची बहीण खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. दादा तिला विचारत होता, "जेवून जाशील ना?"