माटोळीचं वेगळं पोतं

गेल्या चतुर्थीत मी माझ्या गणपतीशी भांडले. हात जोडून वगैरे नाही, गावातल्या सरकारी इस्पितळाच्या व्हरांड्यात उभी राहून. जन्मभर तुझं केलं आणि माझ्या एका चुकीची शिक्षा तू तीन वर्षांच्या पोरीला देतोस, असं मी त्याला मनातल्या मनात सुनावलं. बोलायला मी पहिल्यापासून फटकळ, पण देवाला आजवर कधी बोलले नव्हते. त्या दिवशी जे घडलं ते घडलं तसं सांगते. चमत्कार म्हणा की म्हणू नका, मला त्यावर वाद घालायचा नाही.

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती, आणि आमच्यात मखरापेक्षा माटोळीचा मान मोठा. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली, परसातली फळं बांधायची. नारळ, तोरिंजण, सुपारीची शिपटी, लालबुंद कवंडळं, जे मिळेल ते. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून आमच्या माटोळीला दोन काजरेही असतात. पिकलेला काजरा दिसतो लहानशा संत्र्यासारखा, पण त्याची बी म्हणजे जहर. उंच टांगलेल्या फळाला कोण हात लावणार, म्हणून त्याचा विचार कुणी कधी केला नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माटोळी उतरवायची आणि नदीत सोडायची, एवढंच मला माहीत.

आमच्या वाड्याला, म्हणजे वस्तीला, लागून इगर्जीची शाळा आहे, चर्चच्या पाद्रींची. तिथली नववी-दहावीची मुलं वर्षभर वाड्यावर काही ना काही करत असतात. कुणाचं तुंबलेलं गटार उपसतात, एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना औषधं आणून देतात. गेल्या वर्षी ती घरोघर सांगून गेली की माटोळी नदीत टाकू नका, आम्हाला द्या. आम्ही ती निवडू, खत करू आणि रानातल्या बिया पुन्हा लावू. माझं डोकं फिरलं. गणपतीची माटोळी आता इगर्जीच्या शाळेत जाणार? पण माझी सून दीपाली आधीच हो म्हणून बसली होती. ती हळू बोलते आणि करते मात्र आपलंच.

शेवटी मी अट घातली. आमच्या माटोळीला वेगळं पोतं, तिच्यात दुसऱ्या कुणाचं एक पानसुद्धा मिसळायचं नाही. नदीत सगळ्यांचं एकच होतं, हे काही मला तेव्हा सुचलं नाही. पोतं न्यायला आलेली मुलगी दोन वेण्यांची, रोझान नावाची. तिने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर 'आजी' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि पोत्याच्या तोंडाला बांधलं. ती हसली नाही. मी तिच्या जागी असते तर नक्की हसले असते.

मुलं दहा वाजता पोतं घेऊन गेली. अर्ध्या तासाने माझी नात सई ओकली. एकदा, मग दुसऱ्यांदा, मग पोट धरून कळवळायला लागली. दीपालीने विचारलं, काय खाल्लंस गो? ती म्हणाली, "बाप्पाचं." कसलं बाप्पाचं? "लाल." सकाळी उतरवलेली माटोळी तासभर जमिनीवर पडून होती आणि मी आत तांदळाचे पोळे भाजत होते. लाल म्हणजे कवंडळ असेल, नाहीतर काजरा. या वयाच्या पोरीला केशरी आणि लाल सारखंच.

रिक्षाने इस्पितळात पोचलो. डॉक्टर तरुण होता, पण गडबडणारा नव्हता. काय खाल्लं ते नक्की सांगा, म्हणाला. काजरा असेल तर इथे ठेवून चालणार नाही, केव्हाही झटके येतील आणि वाटेत आले तर श्वास सांभाळायला माणूस बरोबर हवा. दुसरं काही असेल तर उगाच एवढी हलवाहलव नको. इस्पितळाची अँब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन गेली होती, ती परत येईपर्यंत फळ मिळतं का बघा, असं त्याने सांगितलं. फळ कुठून मिळणार? चतुर्थीच्या सुटीत शाळेचा फोन वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही. मुलगा कारखान्यात पाळीवर, त्याचा मोबाईल बाहेरच्या कपाटात. शाळा बंद, म्हणजे मुलं पोती घेऊन कुठल्या मैदानावर गेली असतील तेही आम्हाला ठाऊक नव्हतं. दीपाली सईला छातीशी धरून बसली होती. सलाईन लावलेला तो एवढासा हात जरा हलला तरी मला वाटायचं, हा झटका. तेव्हाच मी त्या व्हरांड्यात देवाशी भांडले. माझी खात्री झाली होती की हा त्याचा कोप आहे. पिढ्यान् पिढ्या नदीत गेलेली माटोळी मी आळसाने आणि सुनेच्या नादाने परक्यांच्या हाती दिली, त्याचं हे फळ. चूक माझी आहे तर मला ने, असंही त्याला म्हटलं.

तेवढ्यात जिन्यावर धावत्या पायांचा आवाज आला. पुढे रोझान, डोक्यावर हेल्मेट तसंच, आणि मागे शाळेची सिस्टर, हातात आमचं पोतं घेऊन. आम्ही कुणीही त्यांना बोलावलं नव्हतं. रोझानने ओंजळ पुढे केली. तिच्यात एक कवंडळ होतं, कडेला खाल्लेलं.

"आजी, हे भुरग्याचे दांत न्ही?" तिने विचारलं.

होते. लहान मुलाचेच, वरचे दोन, खालचे दोन, तांदळाएवढे. बंद शाळेच्या अंगणात माटोळ्या निवडताना ते कवंडळ तिच्या हाती आलं. पोत्यावरचं नाव तिने वाचलं, आमच्या घरात लहान मूल पाहिल्याचं तिला आठवलं आणि सिस्टरच्या स्कूटरवर बसून ती आमच्या घरी गेली. शेजारणीने तिला इस्पितळात पाठवलं. सगळ्या वाड्याच्या माटोळ्या एकाच ढिगात पडल्या असत्या, तर ते दात कुठल्या घरातले हे कुणाला कळणार होतं?

डॉक्टरने विचारलं, "काजरे किती होते?" मी म्हटलं, दोन. सिस्टरने पोत्यातून दोन काजरे काढून टेबलावर ठेवले, अख्खे, साल कुठे फुटलेली नाही. "नक्की दोनच?" त्याने पुन्हा विचारलं. बाजारात फळं विकणाऱ्या बाईने तिसरा वर घातला होता की काय? मी डोळे मिटले. स्टुलावर चढून मी माटोळी बांधते आहे, मधे सुपारीचं शिपटं, उजवीकडे एक, डावीकडे एक. तिसऱ्याला जागाच नव्हती. "दोनच," मी म्हटलं. मी चुकले असते तर पोर हातची जात होती.

अँब्युलन्स आली तेव्हा डॉक्टर मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरशी फोनवर बोलत होता. मग त्याने सांगितलं, इथेच ठेवू, कवंडळाने उलट्या-जुलाब होतात ते सलाईनवर आटोक्यात येतील, पण संध्याकाळपर्यंत नजर हलवायची नाही. ते तास मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. सिस्टर जायला तयार नव्हती. माझ्या शेजारी बाकावर बसून म्हणाली, "तुम्ही तुमच्या बाप्पाला सांगा, मी आमच्या सायबिणीला सांगते." तिच्या बोटांत त्या देवमातेची जपमाळ, माझ्या तोंडात अथर्वशीर्ष, तेही मधेच चुकत होतं. रोझान खाटेच्या पायथ्याशी उभी राहून सईच्या बोटांकडे बघत राहिली. पाचच्या सुमारास सईने डोळे उघडले आणि पाव मागितला. मी रडले, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला न लावता.

त्या रात्री देवासमोर बसले तेव्हा काय मागावं ते सुचेना. ज्याला मी पाप समजत होते तेच संकटाच्या आडवं आलं होतं. माटोळी रीतीप्रमाणे नदीत गेली असती तर ते फळ वाहून गेलं असतं. आणि माझ्या गर्वाने मागितलेलं ते वेगळं पोतं, त्याचासुद्धा त्याने उपयोग करून घेतला. माझं चांगलं काय नि वाईट काय, हे ठरवायला मी कोण? आपण आपलं त्याच्या पायावर घालावं आणि गप्प बसावं, एवढं मला या वयात कळलं. गप्प बसणं अजून तेवढं जमत नाही.

यंदा काजरे बांधले नाहीत. माटोळी उतरवली ती थेट पोत्यात, सईला दीपालीच्या कडेवर ठेवून. रोझान आता दहावीला आहे. तिने सवयीने लिहायला पुठ्ठा काढला आणि विचारलं, "आजी, नांव बरोवं मगो?"

मी पुठ्ठा तिच्या हातातून घेतला. म्हटलं, "नको गो बाये. सगळ्यांच्यात मिसळ. कुठलं कुणाचं ते त्याला कळतं."